जामीन मंजूर, जामीनदार नामंजूर

चोरीच्या गुन्ह्यात अटक झालेल्या एका सेंटरिंग कामगाराचे हे प्रकरण आहे. अटकेनंतर 34 व्या दिवशी त्याला जामीन मंजूर झाला आणि तुरुंगाबाहेर तो आला 83 व्या दिवशी. मधले 49 दिवस कोर्टाच्या लेखी त्याला आत ठेवण्याचे काहीच कारण उरलेले नव्हते. वकील मिळाला नसेल म्हणून असे झाले असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण वकील पहिल्या दिवसापासून होता. एकामागून एक तीन झाले, त्यातली तिसरी मी. माणसाचे नाव देत नाही. गाव, ठाणे आणि दिवसांची मोजदाद ओळख पटू नये इतपत बदलली आहे.

माणूस आणि गुन्हा

वय 24, गाव चंदगड तालुक्यातले, दहावी नापास. घरी थोडे भात, थोडा नाचणा आणि काजूची दहा-वीस झाडे. मुकादमाबरोबर तिलारी घाट उतरून तो गोव्यात आला. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडणे तालुक्यात बांधकामांना ऊत आला. काल-परवापर्यंत जिथे काजूच्या बागा होत्या तिथे व्हिला उभे राहू लागले. तशाच एका साइटवर हा फळ्या ठोकत होता आणि तिथल्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता.

एका सकाळी साइटच्या स्टोअरमधून तांब्याच्या वायरची बंडले गायब झालेली आढळली. ठेकेदाराने तक्रार दिली आणि शेडमधल्या तिघांवर संशय घेतला. दोघे काम सोडून निघून गेले होते. हा जागेवर सापडला, कारण हा कुठे गेलाच नव्हता. माझ्या मते ही गोष्ट जामीन अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवी होती. ती कुठल्याच अर्जात आली नाही.

कलमे लागली भारतीय न्याय संहितेची 305 आणि 317(2). पहिल्याला जास्तीत जास्त सात वर्षे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, नोटीस देऊन बोलवावे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने 2014 मध्येच सांगून ठेवले आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 35 व्या कलमातही नोटिशीची तरतूद आहे. पण नोटीस बजावायची तर पत्ता हवा, आणि पत्र्याच्या शेडला घर नंबर नसतो. “कायमचा पत्ता परराज्यात, येथील पत्ता निश्चित नाही, फरार होण्याची शक्यता” हे वाक्य रिमांडच्या अर्जात आले आणि पुढच्या प्रत्येक कागदात जसेच्या तसे उतरत गेले.

अटकेच्या वेळी त्याचा मोबाइल जप्त झाला आणि मुद्देमाल म्हणून पाकिटात सीलबंद झाला. त्याला एकही नंबर पाठ नव्हता. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा आरोपी सांगेल त्याला देणे पोलिसांना बंधनकारक आहे. कोणाला कळवू असे विचारल्यावर त्याने मुकादमाचे नाव सांगितले, कारण ओळखीचा तोच एक माणूस समोर होता. कागद पूर्ण झाला. मुकादमाने मात्र गावाकडे काही कळवले नाही. त्याच्याकडे या मुलाची अडीच महिन्यांची मजुरी थकलेली होती. बापाला बातमी लागली ती पंधरवड्याने, त्याच शेडमधला दुसरा पोरगा गणपतीला घरी गेला तेव्हा.

पहिली हजेरी

चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले गेले. वकील आहे का, असे विचारले गेले. त्याने मान हलवली. सरकारी खर्चाने वकील देता येईल असे सांगितले गेले, त्यावर तो म्हणाला, “पैसे नाहीत साहेब.” तरीही वकील नेमला गेला आणि तेच कायद्याला धरून होते. पहिल्या हजेरीपासून वकील मिळण्याचा हक्क खत्री प्रकरणात 1981 मध्ये मान्य झाला. आरोपीने मागितला नाही म्हणून तो हक्क बुडत नाही, हे 1986 च्या सुक दास निकालाने सांगितले. कसाबच्या 2012 च्या निकालाने तर आरोपीला ही माहिती देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्यच ठरवले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट लागत नाही. तेव्हा त्या दिवशीच्या रोजनाम्यात शोधूनही चूक सापडणार नाही. आरोपी हजर, मारहाणीची तक्रार नाही, लीगल एडचा वकील दिला, पोलीस कोठडी.

त्या वकिलाशी झालेले बोलणे मला या मुलानेच नंतर सांगितले. कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात पोलिसाने त्याचा हात धरलेला. वकिलांनी फाईल उघडली, नाव आणि गाव बरोबर आहे का ते पाहिले, आधीची केस आहे का विचारले. हा नाही म्हणाला. तेवढ्यात आत दुसऱ्या प्रकरणाचा पुकारा झाला आणि वकील आत गेले.

मी त्या वकिलांना दोष देत नाही. लीगल एडच्या पॅनलवरच्या वकिलाला टप्प्याटप्प्याने थोडी फी मिळते, ती बिल लावून मिळते आणि कधी मिळेल याची खात्री नसते. रिमांडच्या दिवशी त्याच्या नावावर असे चार-पाच जण असतात आणि त्याच सकाळी त्याचे स्वतःचे अशीलही दुसऱ्या कोर्टात खोळंबलेले असतात. सरकारी बाजूला चौकशी करायला आख्खे पोलीस ठाणे आहे. बचावाच्या बाजूला साइटवर जाऊन दोन माणसांशी बोलून येणारा कोणी नाही. वकिलाने स्वतःच गाडी काढली तर गोष्ट वेगळी.

पहिला जामीन अर्ज बाराव्या दिवशी फेटाळला गेला, कारण तपास चालू होता. दुसरा अर्ज दुसऱ्या वकिलांनी केला. दोन्ही अर्ज माझ्यापुढे आहेत. नाव आणि कलमे बदलली तर ते कोणत्याही आरोपीला चालतील: आरोपी निर्दोष आहे, त्याला खोटे गोवले आहे, तो कोर्टाच्या सर्व अटी पाळेल. मजुरी थकल्याचा त्यात उल्लेख नाही. हा माणूस जागेवरच थांबला होता, तेही नाही. घरी बाप आहे, जमीन आहे, आधीचा गुन्हा नाही, हे तीन मुद्दे आहेत, पण सोबत एकही कागद नाही. तरी दुसरा अर्ज मंजूर झाला. कोठडीत विचारपूस करून झाली होती आणि त्याच्याकडून जप्त झालेला माल म्हणजे वायरचा एक तुकडा होता.

आदेशाच्या अटी

आदेश इंग्रजीत होता. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापरात जागा मिळाली, पण खालच्या कोर्टांतला कागद अजून बव्हंशी इंग्रजीच आहे. या मुलाला अटकेची कारणे ज्या कागदावर दिली तोही इंग्रजीत होता आणि त्याखाली त्याची मराठीत सही आहे. पुढे 6 नोव्हेंबर 2025 रोजी मिहीर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायला हवीत असे बजावले. या प्रकरणातली अटक त्याच्या आधीची. आज अशी फाईल हाती आली तर मी सर्वात आधी तो कागद कोणत्या भाषेत आहे ते बघते.

अटी चार होत्या: पंचवीस हजारांचा जातमुचलका (म्हणजे स्वतःची लेखी हमी), तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार, दर सोमवारी ठाण्यात हजेरी आणि परवानगीशिवाय गोव्याबाहेर जायचे नाही. शेवटची अट वाचून मी थोडा वेळ थांबले. शेड गेलेली, काम गेलेले, ओळखीचे लोक पांगलेले. हा बाहेर येऊन गोव्यात राहणार कुठे, हे अर्जात कोणी सांगितलेच नव्हते, मग कोर्ट तरी कशावरून धरणार?

तुरुंगात त्याला कळले एवढेच की बेल झाली. त्याने कपड्यांची पिशवी बांधून ठेवली.

जामीनदाराचा शोध

बाप आला तो सातबारा घेऊन. तीन भावांच्या नावांचा उतारा, तलाठ्याच्या सही-शिक्क्याचा. तोवर दुसऱ्या वकिलांचे काम जामीन मिळवून संपले होते आणि कोर्टाच्या कार्यालयात बापाला सांगण्यात आले की लोकल जामीनदार पाहिजे, महाराष्ट्रातला उतारा चालणार नाही. ते म्हणाले, “ह्यो उतारा खरा हाय. शिक्का बघा की.” शिक्क्याबद्दल कोणाचे काही म्हणणेच नव्हते.

नकाशा काढून पाहिला तर मौज दिसते. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून म्हापशाला यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फारसा जास्त चंदगडहून लागत नाही. पण काणकोणचा माणूस स्थानिक आणि चंदगडचा परप्रांतीय. हा वाद काही नवा नाही. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि मोतीरामच्या भावाची हमी नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा सगळा प्रकार खोडून काढला आणि मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले. तोही गवंडी, हा सेंटरिंगवाला. मध्ये पंचेचाळीसहून अधिक वर्षे गेली.

मग गोव्यातला माणूस शोधणे आले. साइटच्या तोंडाशी चहा-भज्यांचा गाडा चालवणारे एक गृहस्थ तयार झाले. मुलगा त्यांच्याकडे रोज चहा घ्यायचा आणि त्याची उधारी नव्हती, एवढ्या भांडवलावर. त्यांनी एकच विचारले, “माका मागीर पोलीस आपयतले ना मगे?” म्हणजे, मला नंतर पोलीस बोलावणार नाहीत ना? समजावून सांगितल्यावर ते कागद शोधायला लागले आणि तिथे गोव्याची जमीन आडवी आली.

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. महाराष्ट्रात सातबारा तसा आमच्याकडे एक-चौदाचा उतारा. या गृहस्थांचे घर तीन पिढ्यांचे, पण ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात. म्हणजे ते मुंडकार, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून 1975 चा कायदा आहे, त्याखाली नाव नोंदवून घर आणि घराभोवतीची जागा विकतही घेता येते, पण मामलेदाराकडचे असे दावे वर्षानुवर्षे चालतात. यांच्या आजोबांनी अर्ज केला होता म्हणे. उताऱ्यावर आजही भाटकाराचे नाव, तेही अशा माणसाचे ज्याचे वारस लिस्बनला की मुंबईला याचा पत्ता नाही. पंचायतीची घरपट्टी यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. विजेचे बिल भावाच्या नावावर. जन्मापासून त्याच वाड्यावर राहिलेला माणूस, गावात कोणालाही विचारा, पण पंचवीस हजारांची ऐपत कागदावर दाखवायला त्याच्याकडे काहीच नाही. ज्यांची जमीन स्वतःची आहे त्यांचीही गत फार वेगळी नसते. उताऱ्यावर पणजोबांचे नाव, वाटणीची इन्व्हेंटरी झालेली नाही, वारस पंधरा-वीस. स्थानिक जामीनदाराची अट परक्या माणसाला अडवते हे सगळ्यांना दिसते. ती गरीब गोंयकाराला दुसऱ्यासाठी उभे राहू देत नाही, याची दखल कोणी घेत नाही.

राहिले पगारदार. सरकारी नोकर असला तर वेतनाची स्लिप आणि ओळखपत्र यावर काम भागते. पण कोणता सरकारी नोकर एका बिगरओळखीच्या सेंटरिंगवाल्यासाठी कोर्टात येऊन सही करील? शेडमालकाला विचारले तर त्याने फोनच उचलला नाही. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यायची असते आणि ती त्याने दिली नसावी, असा माझा अंदाज.

भाड्याचे जामीनदारही असतात. कोर्टाच्या आवारात चार दिवस उभे राहिले की कोणीतरी बापाला गाठतोच. यांनाही एकाने गाठले, रक्कम सांगितली. बापाने मला विचारले, देऊ काय? मी नको म्हणाले. जामीनदाराने आपण आणखी किती जणांना जामीन आहोत हे जाहीर करायचे असते आणि तिथे खोटेपणा निघाला तर जामीन रद्द होतो. हे सांगताना माझ्याकडे त्यांना देण्यासारखा दुसरा मार्ग मात्र अजून तयार नव्हता.

माझ्याकडे फाईल आली ती अशी

जामिनाचा आदेश झाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे, अशी सर्वोच्च न्यायालयाची 31 जानेवारी 2023 ची सूचना आहे. त्या यादीत हे नाव आले आणि यादी लीगल एडच्या बचाव वकिलांच्या कार्यालयात आली. महाराष्ट्रात या कार्यालयाला लोक अभिरक्षक म्हणतात, आमच्याकडे तोंडात डिफेन्स कौन्सिल बसले आहे. 2022 च्या राष्ट्रीय योजनेतून ही पद्धत आली. पूर्णवेळ वकील, ठरलेले मानधन, खासगी केस घ्यायची नाही. मुख्य, उप आणि साहाय्यक अशा तीन पायऱ्या. मी कंत्राटावर आहे, सगळेच आहेत.

कोलवाळचा मध्यवर्ती तुरुंग म्हापशापासून जवळ. आग्वादचा तुरुंग 2015 मध्ये बंद झाला आणि कैदी इथे आले. उत्तरेच्या कोर्टांतून कैद्याला भेटायला जाणे त्यामुळे सोपे आहे. मडगावच्या वकिलाला याच कामासाठी पन्नासेक किलोमीटर यावे लागते, अर्धा दिवस जातो. आरोपीशी निवांत बोलणे हे बचावाचे पहिले काम आणि तेच अंतरावर अवलंबून.

तुरुंगातल्या लीगल एड क्लिनिकमध्ये एक जन्मठेपेचा कैदी अर्ज लिहून देण्याचे काम करतो, त्याला पॅरा लीगलचे प्रशिक्षण मिळालेले आहे. त्याने मला आधीच सांगितले, “मॅडम, हा कबूल करायला निघालाय.”

मुलगा समोर बसला आणि म्हणाला, गुन्हा मान्य केला तर सुटीन ना? त्याचा हिशेब त्याच्या जागी पक्का होता. बराकीत कोणीतरी सांगितले होते की चोरीला दोन-तीन महिने होतात, ते भोगून झालेच आहेत, भोगलेले दिवस वजा करतात, कबूल कर आणि घरी जा. भोगलेले दिवस वजा होतात हे खरे. पण सात वर्षांपर्यंतच्या कलमात न्यायाधीश किती देतील हे बराकीत ठरत नाही, आणि जन्मभराचा शिक्का बसतो तो वेगळाच. मी त्याला विचारले, “तू केलीस का चोरी?” तो म्हणाला, “नाही. पण त्याचा आता काय उपयोग?”

मग मी वही मिटली आणि त्या रात्रीचे सगळे सुरुवातीपासून सांग म्हणाले. हे अटकेच्या पहिल्या दिवशी कोणीतरी म्हणायला हवे होते. त्या रात्री शेजारच्या प्लॉटवर स्लॅब होता. रेडीमिक्सच्या गाड्या उशिरा आल्या, काँक्रीट पडेपर्यंत पहाट झाली आणि सेंटरिंग सरकले तर टेकू द्यायला म्हणून याला खालीच उभे केले होते. हजेरीच्या वहीत त्याचा ओव्हरटाइम मांडलेला होता. ती वही मुकादमाकडे. आणि दोन दिवस आधी थकलेल्या मजुरीवरून त्याचे आणि मुकादमाचे सगळ्यांसमोर भांडण झाले होते. हे तू पोलिसांना सांगितलेस? सांगितले. वकिलांना? त्यांनी विचारले नाही.

मी साइटवर जाईपर्यंत काम संपले होते. मुकादम माणसे घेऊन दुसरीकडे गेला होता, वही त्याच्याबरोबर. लीगल एडच्या अहवालात या प्रकरणापुढे पहिल्याच दिवशी “वकील नेमला” अशी नोंद झाली आहे आणि ती खरी आहे. त्या नोंदीचा आणि हजेरीच्या वहीचा काही संबंध नाही, हेच माझे या पद्धतीबद्दलचे म्हणणे आहे. आपण नेमणुका मोजतो. किती जणांशी वेळेत बोलणे झाले आणि किती जण बाहेर आले याचा रकाना नाही.

कोणती दारे उघडी होती

कायद्यात सुटकेच्या वाटा दिसतात बऱ्याच, पण यातल्या बहुतेक या माणसापर्यंत पोचत नव्हत्या. कच्च्या कैद्याने शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला आणि तो पहिलाच गुन्हा असला तर सुटका, हे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479. सात वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे 28 महिने. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर माणूस निर्धन आहे असे धरून जातमुचलक्यावर सोडायचे, ही सवलत कलम 478 मध्ये आहे, पण याचा गुन्हा अजामीनपात्र. साठ दिवसांत आरोपपत्र आले नाही तर आपोआप हक्क मिळतो, पण आरोपपत्र आले वेळेत.

गरीब कैद्यांना मदतीची केंद्राची योजना 2023 पासून आहे, सुरुवातीला जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत होती. तिच्यासाठी जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंगाधिकारी, प्राधिकरणाचे सचिव आणि एक न्यायाधीश यांची समिती असते. मी तो अर्जही तयार केला. पण ती योजना पैसे देते आणि इथे आदेशात मागितला होता माणूस. आधी आदेशातली अट बदलून रोख रकमेची करून घ्यायची, मग समितीपुढे जायचे, मग समिती बसण्याची वाट पाहायची. देशभरातल्या तुरुंगांत 2022 च्या अखेरीस 5,73,220 कैदी होते आणि त्यातले 4,34,302 कच्चे. त्यातले जामीन मिळूनही अडकलेले या योजनेतून थोडेच का सुटतात, याचे एक कारण मला त्या कागदांच्या क्रमात दिसले.

शेवटी कामाला आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या त्याच आदेशातली दोन वाक्ये. महिनाभरात मुचलका भरला गेला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, आणि सुटकेला उशीर होण्याचे एक कारण स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे असल्याने तशा प्रकरणांत ती अट घालू नये. त्याच आदेशात कैद्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल पीएलव्हीकडून, म्हणजे लीगल एडच्या पॅरा लीगल स्वयंसेवकाकडून, मागवण्याची सोयही आहे. कैदी गोव्यातला नसल्याने तो अहवाल आमच्या पीएलव्हीला देता येईना. सचिवांमार्फत कोल्हापूर जिल्ह्यात पत्र गेले आणि तिथल्या पीएलव्हीने घरी जाऊन दोन पानी अहवाल दिला: घर स्वतःचे, आईला दम्याचा त्रास, धाकटी बहीण बारावीत, गावात कुटुंबाविषयी तक्रार नाही, मुलगा दर गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो. सोबत घराचा फोटो, सरपंचाचा दाखला, सातबाराची ऑनलाइन प्रत. अहवाल मराठीत होता, त्याचे इंग्रजी भाषांतर मी बसून केले. त्या कामाला वेगळा माणूस कार्यालयात नाही.

सुनावणीत एपीपींनी, म्हणजे सरकारी वकिलांनी, आक्षेप घेतला की आरोपी परराज्यातला असून हाताशी राहणार नाही. मी मोतीराम ठेवला, 2023 चा आदेश ठेवला, अहवाल ठेवला आणि एवढेच म्हटले की उरलेले दोघे पळाले तेव्हा हाच थांबला होता. कोर्टाने बापाची हमी स्वीकारली, सातबाराची खातरजमा चंदगड पोलिसांकडून करून घ्यायला सांगितले, रक्कम पंधरा हजारांवर आणली, सोमवारची हजेरी चंदगड ठाण्यात केली आणि गोव्याबाहेर न जाण्याची अट काढली. खातरजमेच्या पत्राला जायला-यायला आठवडा लागला. 83 व्या दिवशी सुटका झाली.

हे सगळे जामिनाच्या पहिल्या अर्जातच करता आले असते. अर्जात शेवटी एक परिच्छेद: जामीनदार कोण, त्याचा कागद कोणता, आरोपी सुटल्यावर कुठे राहील. तो नसला की छापील अट पडते. मी आता तो परिच्छेद लिहिल्याशिवाय अर्ज देत नाही, आणि काही न्यायाधीश ते वाचून जामीनदाराची अट मुळातच वेगळी घालतात हेही पाहिले आहे. पण त्यासाठी घरच्यांशी बोलणे व्हावे लागते आणि घरच्यांचा नंबर सीलबंद मोबाइलमध्ये असतो. म्हणून अटकेच्या दिवशीच, मोबाइल सील होण्यापूर्वी, आरोपीला दोन नंबर कागदावर उतरवून घेऊ द्या, अशी विनंती मी ठाण्यांत तोंडी करत असते. काही ठिकाणी ऐकतात.

पूर्णवेळ बचाव वकिलांमुळे फरक पडला आहे, यात मला शंका नाही. फाईल एका टेबलावर राहते, तारीख चुकत नाही, आरोपीला आपला वकील कोण ते नावाने माहीत असते. पण म्हापसा, पेडणे, डिचोली, वाळपई, फोंडा अशी कोर्टे आणि त्यांना पुरणारी आम्ही मोजकी माणसे. सकाळी एका ठिकाणी रिमांड, दुपारी दुसरीकडे उलटतपासणी. साइटवर जाऊन वही शोधायची ती रविवारी. शिवाय कंत्राट संपले की अनुभव घेतलेला वकील खासगी वकिलीला लागतो आणि त्याच्या फाईली नव्या माणसाकडे जातात. या आरोपीला तीन वकील पाहावे लागले याची तक्रार करणारी मी, चौथा कधी येईल ते सांगू शकत नाही.

सध्याची स्थिती

आरोप निश्चित झाले आहेत. मुलगा आता गावाजवळच्या काजू कारखान्यात आहे. प्रत्येक तारखेला यायचे तर दिवसाची मजुरी जाते, म्हणून साक्षी नसतील त्या तारखांना मी हजेरी माफीचा अर्ज देते. तो बहुतेकदा मंजूर होतो. एकदा घाट बंद होता आणि तो पोचला नाही, तेव्हा वॉरंटपर्यंत गोष्ट गेली होती, ती फोनवर पाठवलेल्या फोटोंनी निभावली.

जप्तीचे दोन पंच आहेत. दोघेही ठेकेदाराकडचे. एकावर समन्स बजावला गेलेला नाही. हजेरीची वही मिळण्याची आशा मी सोडली आहे. पण त्या रात्रीच्या रेडीमिक्स गाड्यांची चलने प्लांटकडे असणार, त्यावर गाडी साइटवर पोचल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ असते आणि खाली साइटवरच्या कोणाची तरी सही असते. ती हजर करण्याचा अर्ज मंजूर झाला असून प्लांटला नोटीस गेली आहे. पुढची तारीख त्यासाठी आहे.